कडेवरची अक्षरं

पदक हातात आलं की माणूस आधी राजाचा चेहरा बघतो, मग उलटं करून मागची बाजू बघतो. कडेकडे कुणाची नजर जात नाही. पहिल्या महायुद्धानंतर शिपायांना वाटलेल्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या एका बाजूला पाचवा जॉर्ज आहे, दुसऱ्या बाजूला शत्रूची ढाल तुडवणारा घोडेस्वार आहे, आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कडेवर ठशांनी उमटवलेली बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. आधी शिपायाचा नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे स्वतःच्या आज्याचं नाव नातवालाही एका फटक्यात वाचता येत नाही.

नेसरीच्या पंचक्रोशीतल्या एका घरी मी असं पदक पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा त्याची कड गुळगुळीत झालेली होती. दर खंडेनवमीला कोयता, विळा आणि नांगराच्या फाळाबरोबर तेही पूजेला मांडलं जायचं, आणि मांडण्याआधी चिंच-राख लावून घासलं जायचं. कित्येक वर्षांच्या भक्तीनं अक्षरं पुसत आणली होती. घरातल्यांना ठाऊक होतं ते इतकंच: आजा बसऱ्याकडे लढाईला गेला, तिथं तुर्कांनी त्याला धरलं, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या आईनं त्याला ओळखलं नाही. दुपारच्या तिरप्या उन्हात भिंग धरून मी बराच वेळ ती कड फिरवत बसलो. शेवटी तीन आकडे लागले: १०३.

त्या तीन आकड्यांत त्या माणसाची चार वर्षं होती. १०३ म्हणजे १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री. १९१५च्या हिवाळ्यात ही पलटण कूतच्या वेढ्यात अडकली आणि १९१६च्या एप्रिलमध्ये तिथंच कैद झाली. पदकावर कैदेबद्दल अक्षरही नाही. पण पलटणीचा नंबर आणि घरातलं ते एक वाक्य जोडलं की सगळा रस्ता दिसू लागतो. पुढच्या पानांत जे काही आहे ते अशाच जोडणीतून उभं राहिलं आहे. पदकं घराघरांत आहेत आणि आठवणी अर्ध्या-मुर्ध्या आहेत. त्या दोन्हींच्या मध्ये शत्रूच्या हाती जिवंत लागलेला शिपाई उभा आहे, आणि त्याच्याविषयी बोलायची आपल्याकडे रीत नाही.

पदकाच्या कडेला मी इतकं महत्त्व का देतो, ते आधी सांगायला हवं. महाराष्ट्रात अनेक गावांत जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिचा मजकूर. दोन आकडे असतात आणि नाव एकही नसतं. इराकमधल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर कोरलं आहे, भारतीय अधिकाऱ्याचंही कोरलं आहे. भारतीय शिपायाचं मात्र कोरलेलं नाही. त्याच्या पलटणीच्या नावाखाली मेलेल्यांची संख्या लिहून काम भागवलं आहे. या विषमतेबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ साली माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी. दगडावर ज्याचा आकडा झाला, त्याचं नाव सरकारनं धातूवर उमटवलं ते पदकाच्या कडेवर. आणि ती कड आपण चिंच-राखेनं घासून पुसली, नाहीतर चांदीच्या भावानं सराफाला देऊन टाकली. कितीतरी पदकं अशी मुशीत वितळली. त्यांच्याबरोबर नावं वितळली, हे आपल्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं नेसरीतून लिहिताना एक अडचण येते, आणि ती या मातीतूनच येते. नेसरी म्हटलं की मराठी माणसाला खिंड आठवते. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेनं आणि तिच्या गाण्यानं ती दौड घराघरांत नेली. खिंडीतल्या स्मारकापाशी आजही शाळेच्या सहली येतात. मुलं मान वर करून बघतात, गुरुजी गोष्ट सांगतात, आणि गोष्ट घोड्यांच्या टापांपाशी सुरू होऊन तिथंच संपते.

पण त्या गोष्टीचं मूळ दहा महिने मागे, उमराणीत आहे. १६७३च्या एप्रिलमध्ये प्रतापरावांनी याच खानाचं पाणी तोडून त्याला कोंडीत धरलं होतं. खान शरण आला आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. शिवाजी महाराजांना ते मुळीच रुचलं नाही. सुटलेला खान पुन्हा मुलखात धुमाकूळ घालू लागला, महाराजांचा बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागला आणि नेसरीची खिंड घडली. हाती लागलेल्या शत्रूचं काय करायचं, या प्रश्नावरून आपल्या इतिहासातली सर्वांत गाजलेली दौड झाली. नेसरीच्या कथेत कैदी पहिल्यापासूनच आहे. आपण फक्त शेवटचा अध्याय पाठ केला.

त्याचा परिणाम असा झाला की या भागात शूर माणसाची दोनच चित्रं उरली: एक धारातीर्थी पडलेला, दुसरा विजयी होऊन आलेला. तिसरा, म्हणजे दारूगोळा संपल्यावर, अन्न संपल्यावर, वरिष्ठांनी पांढरं निशाण लावल्यावर हात वर करून उभा राहिलेला, या चित्रांत कुठंच बसला नाही. गावात त्याला कुणी वाईट बोललं असेल असं नाही. कुणी विचारलंच नाही. त्यानंही सांगितलं नाही. शरण जाण्याचा निर्णय जनरलनं घेतला आणि त्याची लाज शिपायानं जन्मभर वागवली. हा हिशोब मला चुकीचा वाटतो आणि तो दुरुस्त व्हावा असं मनापासून वाटतं. ही प्रस्तावना त्यासाठीच लिहितो आहे.

कूतपासून सुरुवात करू. तिथं मराठा पलटणी एक नव्हे, तीन होत्या. मेजर जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जाई. १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा या पलटणी तिच्या तीन वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये होत्या. १९१५च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ही फौज तुर्कांपुढे अडली आणि तैग्रीस नदीच्या काठाकाठानं मागं हटत कूतमध्ये येऊन थांबली. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. तो जवळजवळ पाच महिने टिकला.

तोफांपेक्षा भुकेनं जास्त माणसं खचली. जनावरं कापायची वेळ आली तेव्हा गोऱ्या सैनिकांनी घोड्याचं मांस खाल्लं. भारतीय शिपायांतल्या बहुतेकांनी कितीतरी आठवडे त्याला हात लावला नाही. धर्माचा प्रश्न होता आणि त्याहून मोठा प्रश्न गावी परतल्यावर पंगतीत कोण बसवून घेईल हा होता. टाउनशेंडनं बिनतारी संदेशावरून भारतातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही, तरी पुष्कळांचं मन तयार होईना. तोपर्यंत हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं होतं. भाजीपाला नाही, फळं नाहीत, त्यामुळे स्कर्व्ही पसरली. शेवटच्या दिवसांत विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पुरवण्याचा हा जगातला अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. पोती नदीतही पडली, तुर्कांच्या खंदकांतही पडली. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे तेवीस हजार माणसं वाटेतच मेली किंवा जायबंदी झाली. पुढं तुर्की सेनापतीला वीस लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊ करून फौज सोडवण्याची खटपट झाली. तीही फसली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं आणि सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांतली बहुतेक भारतीय होती.

इथून पुढचा भाग सावकाश वाचावा अशी विनंती आहे. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळं काढलं. शिपाई पायी निघाले. शामरानच्या तळावर त्यांना मिळालेली दगडासारखी कडक बिस्किटं रिकाम्या पोटांना सोसली नाहीत आणि पहिल्याच काही दिवसांत माणसं मरू लागली. मग बगदाद, समारा, तिक्रित, मोसुल, नुसैबीन आणि रास-अल-ऐन. मे-जूनचं वाळवंटातलं ऊन, पायांत फाटके बूट किंवा तेही नाहीत, पाण्याच्या पखालीपाशी चाबूक. मागं पडेल तो वाटेवरच राहिला. रास-अल-ऐनला पोचलेल्यांना जर्मनांनी आखलेल्या बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. रूळ टाकायचे, भराव घालायचा, खडी फोडायची. गोऱ्या शिपायांतले दहांतले सहाहून अधिक कैदेत दगावले. भारतीय शिपायांतले किती गेले, याचा एकच एक आकडा कागदोपत्री मिळत नाही, कारण कित्येकांपुढे ‘पत्ता लागला नाही’ एवढाच शेरा आहे. पण मृतांची आणि बेपत्तांची बेरीज अडीच-तीन हजारांच्या घरात जाते.

या वाटेचं वर्णन आपल्याला वाचायला मिळतं ते बंगालीत. बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी कूतला कैद झाले, रास-अल-ऐन आणि अलेप्पोला राहिले, आणि त्यांच्या टिपणांतून ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक झालं. ते शिकलेले होते, लिहिते होते, म्हणून बंगाली वाचकाला ती कैद कळली. मराठा पलटणीतला शिपाई बहुधा अंगठा उठवणारा होता. त्याची वही म्हणजे त्याचं अंग. सुजलेले पाय, पडलेले दात, रात्री ओरडून उठणं, भाकरीचा तुकडाही खाली पडू न देणं. हे सगळं घरातल्या बायकांनी पाहिलं आणि आपापल्या शब्दांत सांगितलं. जात्यावर बसलेल्या आजीच्या तोंडून आलेलं ‘त्येच्या पोटात बसऱ्याची भूक राहिली’ हे वाक्य मला कोणत्याही रेजिमेंटच्या इतिहासाइतकंच विश्वासार्ह वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात गोष्ट बदलली आणि तरी तीच राहिली. बदलली ती अशी की १९२९चा जिनिव्हा करार आता होता. कैद्यांची यादी रेडक्रॉसला द्यायची, पत्रव्यवहार होऊ द्यायचा, उपाशी ठेवायचं नाही, अशा अटी होत्या. तीच राहिली ती अशी की पुन्हा एक मराठा पलटण संपूर्ण हरवली.

ही ‘काली पाचवी’ या नावानं ओळखली जाणारी पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर १९४१च्या वसंतात इटालियनांविरुद्ध मराठ्यांनी जे केलं, ते बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये रंगरुटाला पहिल्या महिन्यातच सांगितलं जातं. त्यानंतरचा तोब्रुक मात्र भरभर सांगून पुढं जातात. मी तो थांबून सांगतो.

जून १९४२. लिबियाच्या किनाऱ्यावरचं तोब्रुक बंदर दक्षिण आफ्रिकी जनरल क्लॉपरच्या ताब्यात. आग्नेय बाजूची तटबंदी अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे: कॅमेरॉन हायलँडर्स, दुसरी मराठा आणि सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन. आधीच्या वर्षी याच तोब्रुकनं महिनोन्महिने दाद दिली नव्हती. पण आता रणगाडे अडवायचा खंदक वाळूनं बुजत आला होता, आणि पेरलेले सुरुंग काढून गझालाच्या फळीकडे नेले गेले होते. २० जूनच्या पहाटे रोमेलनं सगळं बळ एका जागी आणलं. आधी विमानांचा मारा, मग तोफा, मग खंदकावर पूल टाकणारे इंजिनिअर आणि त्यांच्यामागून रणगाडे. ज्या जागेवर हे सगळं कोसळलं ती जागा मराठ्यांची होती. हाती रायफली, ब्रेनगन आणि थोड्याशा रणगाडाविरोधी तोफा. सकाळ सरेपर्यंत फळी फुटली. दुसऱ्या दिवशी क्लॉपरनं शरणागती पत्करली. सुमारे ३३,००० माणसं कैद झाली. त्यांत भारतीय अडीच हजारांच्या आसपास. गुरखे आणि कॅमेरॉन शरणागतीनंतरही आपापल्या जागी झुंजत राहिले. रोमेलला फील्डमार्शलची काठी मिळाली. चर्चिलला ही बातमी वॉशिंग्टनला रूझवेल्टच्या घरी असताना कळली आणि ती त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत कडू बातम्यांपैकी एक ठरली. सगळ्या इतिहासांत हे प्रसंग आहेत: रोमेलची काठी, चर्चिलचा चेहरा. त्या पहाटे खंदकात असलेल्या मराठा शिपायाची गोष्ट त्यांत एक ओळही व्यापत नाही.

आता त्याची पदकं बघू. युद्ध संपल्यावर त्याला बहुधा दोन तारे आणि एक-दोन गोल पदकं मिळाली. तारे पिवळ्या धातूचे, सहा टोकांचे, मध्ये राजाची अक्षरं. एक १९३९-४५ स्टार. दुसरा आफ्रिका स्टार. त्याची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये भूदलाची रुंद लाल पट्टी, बाजूंना नौदलाची गडद निळी आणि हवाईदलाची फिकी निळी. पुष्कळ जणांच्या आफ्रिका स्टारच्या फितीवर आठचा छोटा आकडा दिसतो. तो आठव्या आर्मीचा. पण तो आकडा मिळायला २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात आठव्या आर्मीत असणं जरूर होतं. म्हणजे एल अलामेनची लढाई सुरू झाली त्या दिवसापासून. तोब्रुकला कैद झालेला मराठा शिपाईसुद्धा आठव्या आर्मीचाच होता. पण ऑक्टोबर उजाडला तेव्हा तो काटेरी तारांच्या आत होता. त्याच्या फितीवर आठ नाही. आज दोन घरांतले दोन आफ्रिका स्टार शेजारी ठेवून बघा. एकावर आठ आहे, दुसऱ्यावर नाही. दुसरा कमी पराक्रमाचा असं घरातली मुलं समजतात. ती पराक्रमाची नाही, तारखेची गोष्ट आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तोब्रुकहून कैद्यांना इटालियनांच्या हवाली केलं. लिबियातले उघड्यावरचे तळ, पाण्याची मारामार, आमांश. तिथून बोटीनं भूमध्य समुद्र ओलांडायचा. त्या बोटींवर कैदी आहेत हे ब्रिटिश पाणबुड्यांना कळायचा मार्ग नव्हता. १७ ऑगस्ट १९४२ रोजी बेंगाझीहून निघालेल्या ‘निनो बिक्सिओ’ या जहाजावर आपल्याच बाजूचे टॉर्पेडो आदळले आणि तीनशेहून जास्त कैदी मेले. जहाजात हिंदी सैनिकही होते. नेसरीहून निघून बेळगाव, मुंबई, सुएझ करत गेलेला माणूस मित्राच्या हातून समुद्रात मरतो, हे घरी कसं कळवणार? तारेत ‘बेपत्ता’ एवढा एकच शब्द यायचा.

इटलीत हिंदी कैद्यांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. नेपल्सजवळचं अवेर्सा आणि अब्रुझोच्या डोंगरांतलं अवेझ्झानो ही त्यांतली मोठी. सह्याद्रीचा पाऊस सोसलेल्या माणसांनी तिथं पहिल्यांदा बर्फ बघितलं. लंडनमधल्या इंडियन कम्फर्ट्स फंडानं भरलेली रेडक्रॉसची पार्सलं यायची. त्यांत आटा, डाळ, मसाल्याची पूड असायची. त्या पार्सलाच्या डब्याचाच तवा व्हायचा. छावणीतून घरी पाठवायच्या छापील कार्डावर चार ओळी: मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, बैलांची काळजी घ्या. सेन्सॉरपुढं याहून जास्त लिहिता येत नव्हतं. पुष्कळांना लिहिताही येत नव्हतं, तेव्हा पलटणीतला एखादा शिकलेला नाईक पन्नास जणांची सारखीच कार्डं लिहायचा. म्हणून अशी कार्डं वाचताना अक्षरापेक्षा बैलाच्या नावाकडे बघावं. तेवढंच त्यात स्वतःचं असतं.

सप्टेंबर १९४३ला इटलीनं युद्धबंदी केली आणि छावण्यांची दारं थोडे दिवस सैल झाली. कितीतरी जण डोंगरात पळाले. अब्रुझोच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन त्यांना गोठ्यांत लपवलं. भाषा नाही, धर्म नाही, ओळख नाही. पण शेतकऱ्यानं शेतकऱ्याचे हात ओळखले असावेत. न पळालेल्यांना जर्मनांनी उत्तरेला हलवलं. फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीत मुख्यतः हिंदी कैदी होते. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी त्या गावावर बॉम्ब टाकले. साठहून जास्त कैदी मेले. पण भिंतीही पडल्या आणि शेकडो जण जंगलातून पायी निघाले. सुमारे पाचशे जण स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोचले. एवढ्या मोठ्या पलायनावर सिनेमे निघायला हवे होते. आपल्याकडे त्याची साधी आठवणही उरलेली नाही.

अधिकाऱ्यांचं थोडं निराळं. अवेर्सा-अवेझ्झानोच्या कैद्यांत पुढं भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम होते, पुढं पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले याह्याखान होते. मेजर जनरल ए. एस. नरवणे यांनी आपल्या कैदेबद्दल इंग्रजी आत्मकथनात लिहून ठेवलं. कैद त्यांच्या वाटेत आडवी आली नाही, उलट आठवणींचं प्रकरण झाली. शिपायाचं तसं झालं नाही. तो पेन्शन घेऊन नांगराला लागला.

एक नाजूक प्रश्न टाळून चालणार नाही. सिंगापूर पडलं तेव्हा, १५ फेब्रुवारी १९४२ला, चाळीस हजारांहून जास्त हिंदी सैनिक जपानच्या हाती लागले. त्यांतले हजारो आझाद हिंद सेनेत गेले. सिंधुदुर्गातल्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले त्यांतलेच. त्या सेनेचे ते चीफ ऑफ स्टाफ झाले आणि स्वातंत्र्यानंतर केंद्रात उपमंत्री. जर्मनीतही, अ‍ॅनाबर्गसारख्या छावण्यांतून, नेताजींच्या आवाहनावरून तीनेक हजारांची फौज उभी राहिली. आणि हजारोंनी नकार दिला. नकार दिलेल्यांतल्या अनेकांना जपाननं न्यू गिनीसारख्या बेटांवर मजूर म्हणून नेलं आणि तिथं ते उपासमारीनं मेले. एकाच गावात एक आझाद हिंदचा, एक नकार दिलेला, असे दोघं शेजारी राहिले असतील तर त्यांच्यात कोण बरोबर हे आज आपण ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तारांच्या आत, पोटात अन्न नसताना, निष्ठेचा निर्णय घ्यायची वेळ आपल्यावर आलेली नाही. दोघांच्याही गोष्टी सारख्याच आदरानं लिहिल्या पाहिजेत.

घरच्या बाजूचा विचार केल्याशिवाय कैद पुरी समजत नाही. ‘बेपत्ता’ आणि ‘युद्धकैदी’ या दोन तारांच्या मधले महिने बायकोनं कसे काढले? कुंकू पुसायचं की ठेवायचं? सासरच्यांनी जमिनीची वाटणी करून टाकली तर? देवळात कौल लावला जायचा, आणि कौलाचा अर्थ ज्याला जसा हवा तसा निघायचा. आणि गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट: त्याच वर्षांत कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८. रशियानं त्यांना सैबेरियाकडे हाकललं होतं आणि त्यांचेही पुरुष कुठं कैदेत, कुठं पलटणीत, कुठं बेपत्ता. कोल्हापूरच्या बाजाराला आलेली गडहिंग्लजकडची बाई आणि भाजी घ्यायला आलेली पोलिश बाई एकाच टोपलीपाशी उभ्या राहिल्या असतील. दोघींचं दुखणं एकच होतं, फक्त बोलायला भाषा नव्हती.

कैदेला ब्रिटनकडं पदक नव्हतं, स्वतंत्र भारताकडंही नाही. अमेरिकेनं १९८५ साली युद्धकैद्यांसाठी वेगळं पदक काढलं. पळून आलेल्या काही जणांना शौर्याचे बिल्ले मिळाले, ते रास्तच होतं. पण जो पळाला नाही, जो आजारी सोबत्याच्या उशाशी बसून राहिला, जो रेल्वेचा भराव घालता घालता जगून राहिला, त्याच्या त्या वर्षांची नोंद फितीवर कुठंच नाही. याच मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. घाडगे १९४४च्या जुलैत पडले, जाधव जगले. त्यांच्या पराक्रमापुढं कैद्याची गोष्ट आणून ठेवायची कशाला, असं मला एकानं विचारलं. त्याला मी सांगितलं की दोन्ही एकाच रेजिमेंटच्या, एकाच युद्धाच्या, एकाच मुलखातल्या माणसांच्या गोष्टी आहेत. एक सांगून दुसरी गाळली तर पहिलीही अर्धी राहते.

वाचकहो, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, काकांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात किंवा जुन्या भिंतीच्या कोनाड्यात असं पदक असेल तर ते बाहेर काढा. ते घासू नका. चिंच नको, राख नको, सराफाकडचं पॉलिशही नको. स्वच्छ कोरड्या कापडानं पुसा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात धरून कड वाचा, आणि तारा असेल तर त्याची मागची बाजू बघा. जे अक्षर दिसेल ते जसंच्या तसं, स्पेलिंग न सुधारता, कागदावर उतरवा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. शेजारी डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, छावणीतलं कार्ड असेल तर त्याचाही फोटो काढा. आणि घरात ज्या म्हाताऱ्या बाईनं त्या माणसाला पाहिलं असेल, तिच्यापाशी आजच बसा. तो कुठं लढला हे पलटणीच्या नंबरावरून काढता येईल. तो परत आल्यावर काय खात होता, कशाला भीत होता, कोणत्या दिवशी गप्प व्हायचा, हे फक्त तिला माहीत आहे.